कलम चौथं आणि अकोल्याचं पाकीट

शेहेचाळीस साली आषाढात टपालखात्याचा देशभर संप झाला, तेव्हा कोल्हारच्या पोस्टातून तीन माणसं संपावर गेली. पोस्टमन बाबाजान, टपालाची थैली वाहणारा रनर बन्सी आणि कारकून मार्तंड सात्रळकर. पोस्टमास्तर राधाकृष्णपंत संपात नव्हते. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि चौदा महिने उरलेल्या माणसाला कोणी संपात ये म्हणत नाही. तो आलाच तर उलट काळजी वाटते.

मार्तंड या संपाचा गावचा चिटणीस होता. हे पद त्याला विचारांमुळे नव्हे, अक्षरामुळे मिळालं होतं. वाण्याची यादी लिहिली तरी ती सरकारी हुकमासारखी दिसावी असं त्याचं अक्षर होतं. गावात ज्याला कुणाला वर काही मागायचं असेल तो संध्याकाळी मार्तंडाच्या ओट्यावर येई आणि मार्तंड त्याला अर्ज लिहून देई, फुकट. ‘सविनय सादर करण्यात येते की’ हे शब्द त्याच्या टाकातून इतक्यांदा उतरले होते की टाक कागदाला नुसता टेकवला तरी आपोआप ‘स’ निघतो, असं बाबाजान म्हणायचा.

संपाच्या दोन दिवस आधी बाबाजानच्या पडवीत तिघांची सभा झाली. नगरच्या शाखेकडून पाच कलमं आली होती. मार्तंडानं त्यांची सुवाच्य प्रत काढली. चौथं कलम असं होतं : ‘संप चालू असेतो कोणीही सभासद कचेरीची पायरी चढणार नाही, व कसलेही टपाल देणार नाही.’ मार्तंडाला हे वाक्य लंगडं वाटलं. नुसत्या ‘देणार नाही’वर थांबलेलं वाक्य एका पायावर उभं राहिल्यासारखं दिसतं. म्हणून त्यानं शेवटी ‘वा घेणार नाही’ असे तीन शब्द जोडले. वाचून पाहिलं. आता कसं भारदस्त वाटलं. दोघांनी सह्या केल्या, बन्सीनं अंगठा उठवला आणि स्वतःची एक प्रत मागून घेऊन घरी देवळीत ठेवली. दुसरी प्रत मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर नगरला गेली. तिथल्या लोकांना ते तीन शब्द इतके आवडले की त्यांनी साऱ्या जिल्ह्याला चौथं कलम तसंच लागू केलं. शब्द जोडताना माणसानं फार जपावं. ते कुठं जाऊन बसतील आणि कुणाच्या उरावर, याचा नेम नसतो.

संप सुरू झाला त्या सकाळी नगरची मोटार शेवटची थैली टाकून गेली. पोस्टासमोर, रस्त्यापलीकडे लिंबाखाली तिघं संपवाले गोणपाट अंथरून बसले होते. राधाकृष्णपंतांनी एकट्यानंच थैली फोडली, पत्रं लावली, आणि चष्म्यावरून बाहेर बघत हाक मारली, “सात्रळकर, तुमचं पत्र आहे. अकोल्याचं.”

मार्तंड अर्धा उठला. बन्सीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मार्तंड बसला.

अकोल्याचं म्हणजे प्रवरेच्या वरच्या अंगाला असलेल्या अकोल्याहून आलेलं, अंबिकेचं, त्याच्या बायकोचं. वैशाखात धाकट्या बहिणीच्या, सुचित्राच्या लग्नाला म्हणून ती माहेरी गेली होती. लग्न झालं, सोळा दिवस झाले, ज्येष्ठ गेला, आणि अंबिका आली नाही. ती रागावून गेली असं मार्तंडाला म्हणता येईना, कारण जाताना ती हसली होती. आठ वर्षांच्या संसारात त्याला एवढं मात्र कळलं होतं की ती रागावली की बोलते. हसते तेव्हा काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढं तिचं पत्र आलं होतं : ‘मला न्यायला तुम्ही स्वतः याल का?’ एवढंच. त्याला मार्तंडानं उलट टपाली उत्तर धाडलं, आणि ते उत्तर त्याला तोंडपाठ होतं, कारण सगळीच उत्तरं त्याला तोंडपाठ असत. ‘१) तुझे पत्र पावले. २) येण्याची निश्चित तारीख कळविणे. ३) न्यायला येण्याविषयी तूर्त काही सांगता येत नाही, रजेचा अर्ज विचाराधीन आहे.’ खाली सवयीनं ‘आपला आज्ञाधारक’ लिहून वळणदार सही.

त्यानंतर एकोणीस दिवस अकोल्याहून काही आलं नव्हतं. आणि आता आलं होतं.

लिंबाखालून पोस्टाच्या खिडकीचे गज दिसत, आणि गजांतून पत्रांची लाकडी खणपेटी दिसे. ‘स’च्या खणात ते पाकीट उभं होतं. त्यावर दोन तिकिटं होती. एक तिकीट वाटेत गळून पडतं अशी अंबिकेची पक्की समजूत होती, म्हणून ती पाकिटाला नेहमी दोन लावी. मार्तंडानं आठ वर्षं तिला नियम समजावला होता. आता रस्त्यापलीकडून ती दोन तिकिटं शेजारी शेजारी बसलेली बघताना त्याला आपल्या त्या समजावण्याची फार लाज वाटली.

पाकीट फुगीर होतं. आत दोन कागद असावेत. ‘येते’ लिहायला दोन कागद लागत नाहीत. ‘येत नाही’ला लागू शकतात.

तीन दिवस मार्तंड त्या पाकिटाकडं बघत बसला. संध्याकाळी तो प्रवरेच्या घाटावर जाई. नदीला गढूळ पाणी आलं होतं. ते अकोल्यावरून येतं. अंबिकेच्या माहेरच्या मागच्या दारी ज्या पायऱ्यांवर बायका धुणं धुतात, त्या पायऱ्यांना लागून दोन दिवसांपूर्वी निघालेलं पाणी आज इथं पोचत असेल, असा हिशेब तो करी. टपाल बंद होतं. पाणी तेवढं चालू होतं. पण पाण्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गावाला कळलं. कोल्हारात गोष्ट कळायला चार दिवस लागले म्हणजे संप खरोखर कडक होता.

पहिले आले निवृत्त अव्वल कारकून रंगनाथराव देवचक्के. छत्री टेकून त्यांनी लिंबाखाली उभ्या उभ्याच विषय काढला. “मार्तंडा, सरकारी नोकराला अर्ज असतो. मागणी नसते. मागणी गिरणीतल्या माणसानं करावी. त्याचा मालक शेटजी आहे, त्याला नफा आहे. आपला मालक कोण? सरकार. सरकारशी घासाघीस करायची म्हणजे काय देवळात जाऊन देवाला नैवेद्याचा भाव विचारायचा?”

“घासाघीस नाही म्हणत आम्ही,” मार्तंड म्हणाला. “समोर बसून बोला म्हणतो. सगळ्यांशी मिळून.”

“एकेकट्यानं अर्ज करा की. छत्तीस वर्षांत मी एकशे चार अर्ज केले.”

“उत्तरं किती आली, रावसाहेब?” बाबाजाननं अदबीनं विचारलं.

देवचक्के थोडा वेळ छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले. “पोच सगळ्यांची आली,” ते म्हणाले.

तेव्हा बन्सी बोलला. हा माणूस एरवी बोलत नसे. चाळिशीचा, उन्हानं काळवंडलेला. थैली पाठीवर घेऊन रोज अकरा मैल चालून त्याचा उजवा पाय कायमचा सुजला होता. वाट बदलून मिळावी म्हणून त्यानं तीन अर्ज केले होते. तिन्ही मार्तंडानंच लिहिलेले. “यकट्याचा कागुद फायलीत जातो,” तो म्हणाला. “समद्यांचा मिळून गेला तर सायबाला खुर्ची सोडून उटावं लागतं. म्हून मी हितं बसलोय. न्हाईतर मला काय हौस हाय बसायची.”

देवचक्के गेले. जाताना मात्र मार्तंडाच्या कानाशी लागून म्हणाले, “पाकीट आण रे जाऊन. बायकोच्या पत्रात मागण्या असतात, त्या लौकर वाचलेल्या बऱ्या.”

मार्तंडाच्या शेजारी आक्काबाई राहायची. ही पेरूची बाग एकटीनं सांभाळणारी विधवा बाई. अंबिका गेल्यापासून तीच त्याला भाकरी आणून देत होती, आणि भाकरीबरोबर मतही. “भाऊसाहेब, तुमी पायरी चडायची न्हाई ना? मग मी जाते. मी कुटं संपात हाय?”

हा तोडगा इतका सरळ होता की मार्तंडाला तो आपल्याला सुचला नाही याचंच वाईट वाटलं. आक्काबाई पदर खोचून पोस्टात गेली. राधाकृष्णपंतांनी तिला बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं की दुसऱ्याचं टपाल न्यायचं तर मालकाचं लेखी मुखत्यारपत्र लागतं. आक्काबाई बाहेर आली. मार्तंडानं खिशातला टाक काढला. “थांबा भाऊसाहेब,” बन्सी म्हणाला. “तुमी लिवलेला कागुद पोस्टमास्तरला दिला म्हंजे टपाल दिलं का न्हाई?”

यावर रीतसर सभा घ्यावी लागली. लिंबाखाली, हजर सभासद तीन. मुद्दा : मुखत्यारपत्र हे टपाल होय की नव्हे. बाबाजानचं म्हणणं, तिकीट नाही ते टपाल नाही. बन्सीचं म्हणणं, कचेरीत गेला तो कागद टपालच. शिवाय आक्काबाईनं पत्र आणून दिलं की मार्तंडानं ते घेतलं, म्हणजे ‘वा घेणार नाही’ मोडलंच. हे तीन शब्द कुणाचे, हे सभेत कुणी काढलं नाही. ती बाबाजानची सभ्यता.

“बन्सी, बायकोचं पत्र आहे रे,” बाबाजान म्हणाला. “ह्या बिचाऱ्याचं तोंड बघ.”

“मला दिसतं ना तोंड,” बन्सी म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता, उलट खालच्या पट्टीत होता. “पन बाबाजान, आपुन तिगंच हावो. येकानं येक कलम मोडलं तर राहिलं काय? उद्या मला कुनी म्हनंल, तुजा पाय दुकतो, जा, आजच्या दिस थैली घे.”

मार्तंडानं टाक खिशात ठेवला. कलमात दुरुस्ती करण्याचा अधिकार नगरच्या शाखेला होता. नगरला दुरुस्तीची विनंती करायची तर पत्र पाठवायला हवं. पत्र पाठवायचं तर टपाल चालू हवं. ही अडचण ध्यानात आल्यावर तिघांनीही पोस्टाच्या खिडकीकडं पाहिलं. संप किती पूर्णपणे यशस्वी झाला आहे हे त्यांना तेव्हा प्रथमच नीट कळलं.

म्हणून मार्तंड स्वतः नगरला निघाला. एका पाकिटासाठी पस्तीस मैल. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. राहुरीच्या अलीकडं तिचा दम उखडला, उतारूंनी खाली उतरून तिला अर्धा मैल ढकललं, आणि ती एकदम सुरू झाली तेव्हा मार्तंड धोतराच्या सोग्यासकट चिखलात बसला. राहुरीला एका फळीवरच्या खिळ्यानं त्याच्या कोटाची पाठ उसवली. तो नगरला उतरला तेव्हा अंगावर लाठीमार झालेल्या माणसासारखा दिसत होता.

माळीवाड्याजवळच्या धर्मशाळेत संपवाल्यांची जंगी सभा भरली होती. शाखेचे चिटणीस शामकांत गंधे दारातच भेटले. मार्तंडाचा अवतार बघून त्यांचे डोळे भरून आले. “कोल्हार?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच ना ‘वा घेणार नाही’वाले?” मार्तंड म्हणाला, “त्याविषयीच जरा—” पण गंध्यांनी त्याला पुढं घालून थेट व्यासपीठावर नेलं. व्यासपीठ म्हणजे दोन बाकं जोडलेली. “बंधूंनो, कोल्हारचे प्रतिनिधी युनियनच्या मान्यतेच्या प्रश्नावर दोन शब्द बोलतील.”

समोर तीनेकशे माणसं होती. मार्तंडानं जन्मात भाषण केलं नव्हतं. ‘सविनय’ असा एक शब्द त्याच्या तोंडून आला आणि पुढं काही येईना. लोक थांबले. मग त्याच्या डोळ्यांपुढं जे गेले आठ दिवस होतं तेच आलं, आणि तो त्याविषयी बोलू लागला.

“उत्तराची वाट पाहणं फार वाईट,” तो म्हणाला. “माणूस विचारतो, आणि समोरून कागद येतो : विचाराधीन. नाही म्हणा. नाही म्हटलेलं सोसतं. पण समोर बसून म्हणा. माणसाकडं बघून म्हणा. कागदाच्या मागं बसू नका.”

टाळ्या झाल्या. मार्तंडाला त्या नीट ऐकू आल्या नाहीत.

“गेल्या वर्षी माझे सासरे वारले,” तो म्हणाला. “मी रजेचा अर्ज केला. उत्तर तेराव्या दिवशी आलं. तेरा दिवस मी...” इथं तो थांबला. तेरा दिवस तो उत्तराची वाट बघत कोल्हारात बसला होता. अंबिका अकोल्याला, वडील गेलेल्या घरात होती. त्यानं तिला एक कार्ड पाठवलं होतं : ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. रजेचा अर्ज केला आहे.’ तिनं ‘याल का’ म्हणून विचारलं होतं, आणि कागदाच्या मागं तो बसला होता. सरकार नव्हे. तो. हे त्याला दोन बाकांवर उभं असताना, तीनशे माणसांसमोर कळलं. दुसरी एखादी सोयीची जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

वाक्य अर्धंच सोडून तो बाकावरून उतरला. मग मागून कुणीतरी घोषणा दिली आणि धर्मशाळा दणाणून गेली. शामकांत गंध्यांनी त्याला मिठी मारली आणि म्हणाले, मान्यतेच्या मुद्द्यावर इतकं मार्मिक कुणी बोललं नव्हतं. “तुमचं काही काम होतं म्हणालात?”

“नाही,” मार्तंड म्हणाला. “संगमनेरची मोटार किती वाजता आहे?”

रजेचा अर्ज करावा लागला नाही. संपावरच्या माणसाला रजा लागत नाही, हा या संपाचा एक फायदा कुठल्याच पत्रकात छापलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अकोल्याला पोचला. पाऊस सरळ कोसळत होता. आवणी चालली होती. खाचरांत बायका गुडघाभर पाण्यात वाकून भाताची रोपं लावत होत्या. सासुरवाडीच्या पडवीत अंबिका कामाच्या माणसांसाठी भाकरी बांधत होती. उसवलेला कोट, चिखलानं वाळून कडक झालेलं धोतर, असा नवरा अंगणात उभा बघून ती आधी घाबरली.

“काय झालं?”

“काही नाही. आलो.”

“पत्र मिळालं माझं?”

“आलंय. मिळालं नाही.” हे वाक्य समजावून सांगायला त्याला भिजत उभं राहून बराच वेळ लागला. लिंब, खणपेटी, आक्काबाई, तीन शब्द. अंबिकेनं सगळं ऐकलं. हसली नाही.

“मग न वाचताच आलात?”

“हो.”

“त्यात लिहिलंय की येऊ नका.”

मार्तंडानं मान हलवली. वाचलं असतं तर तो आला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. लेखी आदेशाबाहेर जाणारा माणूस नव्हता तो.

तिनं त्याला आत घेतलं, कोरडं धोतर दिलं, चहा दिला. मग समोर बसली. मार्तंडानं खिशातून टाक आणि भिजलेला कागद काढला. “तुझं काय म्हणणं आहे ते सांग. मी लिहून घेतो.”

“लिहून नका घेऊ,” ती म्हणाली. “ऐका.”

त्यानं टाक खाली ठेवला. हातांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं ते मांडीखाली घेतले.

ती सांगत गेली. साऱ्या कोल्हाराचे अर्ज तो लिहितो, आणि दिवेलागणीला घरात येतो तेव्हा त्याच्यापाशी एक शब्द उरलेला नसतो. ती खिडकीशी बसते. तो भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगतो. एकदा तर तेही चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. आणि तिचे वडील, दादा, गेले तेव्हा ते कार्ड आलं. पोस्टमननं दारात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आलेल्या बायका म्हणाल्या, किती छान अक्षर आहे. “मी तेरा दिवस दाराकडं बघत होते,” अंबिका म्हणाली. “तुम्ही आला असता तर काही बोलायलासुद्धा नको होतं. नुसतं बसायचं होतं.”

“मी अर्ज केला होता,” मार्तंड म्हणाला. आणि मग, “चुकलो. तसाच निघून यायला हवं होतं.”

बाहेर पाऊस चालूच होता. तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाळू दिले.

मार्तंड तिथं पंधरा दिवस राहिला. मेहुण्यांबरोबर खाचरात उतरला. त्यानं लावलेली रोपं अक्षरासारखी एका ओळीत सरळ असत आणि सगळी दुसऱ्या दिवशी तरंगून वर येत. आवणीच्या बायकांनी त्याला बांधावर बसवून रोपांच्या जुड्या मोजायला दिल्या. संध्याकाळी तो अंबिकेशी बोलायचा. सुरुवातीला फार वाईट बोलायचा, थांबून थांबून, मुद्दे सोडून. पण बोलायचा.

श्रावण लागून आठवडा झाला असेल, तेव्हा मोटारीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली की संप मिटला. काही मागण्या मान्य झाल्या होत्या, काही पुढं बघू म्हणून ठेवल्या होत्या. पण सरकारनं युनियनची माणसं समोर बसवून बोलणी केली होती. उद्या कामावर हजर व्हायचं होतं.

“चल,” मार्तंड म्हणाला.

अंबिका जागची उठली नाही. “तुम्ही पुढं व्हा. त्या पत्रात मी रागानं बरंच लिहिलंय. ते तुम्ही वाचू नये असं मला वाटतं. तसंच बंद माझ्याकडं परत पाठवा. बंद पाकीट माझ्या हातात पडलं की मी येईन.”

“आत्ताच ये की. मी नाही वाचणार.”

“मला ठाऊक आहे तुम्ही म्हणाल तसं. पण मला बघायचंय.”

तो एकटा परतला. दोन मोटारी बदलून, सगळा वेळ खिडकीशी.

सकाळी पोस्ट उघडलं. बन्सीनं थैली उचलायच्या आधी एकदा पायाकडं पाहिलं. त्याच्या पायाचा निकाल लागला नव्हता. “पन समोर बसवलं न्हवं?” तो म्हणाला. “मग यील आता हळूहळू.” बाबाजाननं ‘स’च्या खणातलं पाकीट काढलं आणि, अंतर चार हात असलं तरी, पिशवीत घालून, दारातून बाहेर जाऊन, परत आत येऊन मार्तंडाच्या टेबलावर ठेवलं. सव्वीस दिवस रखडलेलं टपाल रीतीनं पोचवायला हवं, असं त्याचं म्हणणं.

आक्काबाई खिडकीशी येऊन उभी होतीच. “फोडा आता.” देवचक्के तिच्या मागं होते. मार्तंडानं सांगितलं तेव्हा दोघांनाही पटेना. “अरे, आत काय आहे हे कळल्याशिवाय परत करायचं?” देवचक्के म्हणाले. “वाफेवर धरलं तर डिंक अलगद सुटतो. पुन्हा चिकटव. कोणाला कळतंय?” छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस हे सांगत होता.

मार्तंडानं पाकीट हातात घेतलं. त्यावर त्याचं नाव तिच्या गोल अक्षरात होतं. आत ती काय काय म्हणाली होती ते त्याला कळायला हवं होतं. आपल्याविषयी इतकं कुणी लिहिलेलं त्याला आजवर आलं नव्हतं, मग ते रागाचं का असेना. त्यानं ते उजेडाकडं धरलं. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही, धरलं. शाई दिसली, ओळी दिसल्या. मग त्यानं ते पालथं घातलं आणि राधाकृष्णपंतांपुढं नेलं. “परत पाठवायचंय.”

“मग शेरा मारा. ‘मालक घेण्यास नकार देतात.’”

“नकार शब्द नको.”

“नियमात दुसरा शब्द नाही, सात्रळकर. एक पत्ता बदलण्याची सोय आहे. पण त्याला मालक त्या नव्या पत्त्यावर राहत असावा लागतो.”

मार्तंडानं आपला पत्ता एका रेघेत खोडला आणि खाली अकोल्याचा लिहिला. “लिहा,” तो म्हणाला, “मालक सध्या अकोल्यास.”

“मालक माझ्यासमोर उभा आहे.”

मार्तंडानं पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं. राधाकृष्णपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. चौदा महिन्यांचे आता तेरा राहिले होते. त्यांनी शिक्का उचलला आणि आपल्या हातानं मारला. हेच पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून सुखानं पाठवता आलं असतं, हे मार्तंडाला तिसऱ्या दिवशी सुचलं.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते आक्काबाईला विचारावं. भाकरी तशीच परत जाई. पाकीट आज संगमनेरला असेल, आज अकोल्याच्या पोस्टात, आज दारात. तिनं उलटून पाहिलं असेल, डिंक तपासला असेल. की पाऊस लागून डिंक आपोआप सुटला असेल? त्या विचारानं तो एकदा भर दुपारी घाटापर्यंत चालत गेला आणि परत आला. अर्ज लिहून घ्यायला लोक येत, त्यांना तो म्हणे, “आज नको. त्यापेक्षा चार जण मिळून साहेबाकडं जा ना.” गावाला वाटलं, पोस्टातला मार्तंड बिघडला.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी दुपारच्या मोटारीतून अंबिका उतरली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात छत्री. स्टँडवर आक्काबाई होती, देवचक्के होते, पोस्टाच्या पायरीवर बाबाजान उभा होता. मार्तंड पुढं झाला, बोचकं घेतलं, आणि वाकून तिच्याशी काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. अंबिका मान खाली घालून ऐकत होती, आणि मग दोघं घराच्या वाटेला लागले.

तो काय बोलला हे कोल्हारात पुढं बरीच वर्षं लोक विचारत राहिले. कुणाला ते कळलं नाही, कारण त्यानं ते कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं.